टाकाऊ माल, फायबर आणि गल्लीतला सीसी रोड : सीमाभागात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे कुणासाठी लिहिलंय?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, रायबाग या पट्ट्यातल्या ग्रामपंचायत सदस्यांसाठी, छोट्या कंत्राटदारांसाठी आणि ज्यांच्या दारासमोर उद्या मिक्सर येऊन उभा राहणार आहे त्यांच्यासाठी. मोठ्या हायवेसाठी नाही. तिथे पगारी इंजिनिअर असतात. गल्लीच्या रस्त्याला मात्र बहुतेक वेळा गवंडी, मुकादम आणि समोरच्या कट्ट्यावर बसलेले आजोबा एवढेच देखरेखीला असतात.

गेल्या काही वर्षांत "आमच्या रस्त्यात फायबर घातलंय", "राख घालून रस्ता स्वस्तात होतो", "प्लास्टिक घातलं की खड्डे पडत नाहीत" अशी वाक्यं कानावर येऊ लागली आहेत. यातलं काही खरं आहे, काही अर्धं खरं, आणि काही निव्वळ थाप.

'टाकाऊ' म्हणजे नेमकं काय? कचरा रस्त्यात पुरायचा का?

नाही. काँक्रीटला कचऱ्याचा खड्डा समजणाऱ्यांनी यातून लांब राहावं. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो त्यातले तीन प्रकार कामाचे. पहिला, सिमेंटचा काही हिस्सा वाचवणारी बारीक पूड : औष्णिक वीजकेंद्राची फ्लाय ॲश, पोलाद कारखान्याच्या भट्टीतली स्लॅग, नीट जाळलेल्या तुसाची किंवा चिपाडाची राख. दुसरा, वाळू-खडीचा काही हिस्सा भरून काढणारा माल : फोडलेल्या जुन्या काँक्रीटची खडी, क्रशरची कच, फाउंड्रीची वाळू. तिसरा, तंतू म्हणजे फायबर : जुन्या टायरमधली पोलादी तार, प्लास्टिकच्या पट्ट्या वगैरे.

पहिल्या प्रकारामागचं तत्त्व आपल्याकडे जुनंच आहे. वाड्यांच्या बांधकामात चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरकी, मिसळत. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी हळूहळू जुळते आणि दगडासारखी घट्ट होते. सिमेंट पाण्यात भिजल्यावर आत थोडा चुना मोकळा सुटतो. फ्लाय ॲश त्या चुन्याला धरून ठेवते. सुरकीचंच काम, फक्त भट्टी वीजकेंद्राची.

मग मिक्सरवर फ्लाय ॲशची गोणी आणून सिमेंटमध्ये मिसळायची का?

आधी सिमेंटच्या पोत्यावरचं वाचा. बहुतेक दुकानांत मिळणारं पोतं पीपीसी असतं, आणि त्यात कारखान्यातच १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश दळून मिसळलेली असते. स्लॅगवाल्या पीएससी सिमेंटमध्ये तर २५ ते ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग असू शकते. अशा सिमेंटमध्ये साइटवर पुन्हा राख ओतणं म्हणजे आधीच पाणी घातलेल्या दुधात पुन्हा पाणी.

साइटवर वेगळी फ्लाय ॲश घालायची असेल तर सिमेंट ओपीसी, म्हणजे काही न मिसळलेलं साधं, हवं, राखेला आयएस ३८१२ या भारतीय मानकाचा चाचणी दाखला हवा आणि वजनकाटा हवा. साधारण पाचव्या हिश्शापर्यंत सिमेंट असं वाचवता येतं. आपल्याला जवळची मोठी वीजकेंद्रं म्हणजे विजयपूर जिल्ह्यातलं कुडगी आणि पलीकडे रायचूरचं शक्तिनगर. स्लॅग म्हटली की बळ्ळारीकडचं तोरणगल्लू. लांबून आणण्याचं भाडं हिशेबात धरलं तर छोट्या गल्लीसाठी पीपीसी किंवा पीएससीचं पोतं हाच शहाणपणा, आणि आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटवरून माल येणार असेल तर त्यांच्याकडचं मिक्स डिझाइन, म्हणजे मालाच्या प्रमाणाचा कागद, मागायचं.

एक तोटाही सांगतो. राखेचं काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. सातव्या दिवशीचा क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेला काँक्रीटचा ठोकळा, कमी आला म्हणून घाबरू नका. २८व्या दिवसाची वाट बघा. पण त्याच कारणाने त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं, आणि गोची तिथेच होते, कारण तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

आमच्या शेजारी साखर कारखाना आहे. बॉयलरची राख फुकट देतात. ती चालेल का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. साहजिकच आहे. कृष्णाकाठापासून घटप्रभेपर्यंत उसाचा मुलूख, आणि शंभर किलो उसामागे साधारण तीस किलो चिपाड. ते बॉयलरमध्ये जळतं आणि मागे राखेचे ढीग उरतात.

उत्तर : तत्त्वतः हो, जशी आहे तशी नाही.

चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते, त्यामुळे ती फ्लाय ॲशसारखं काम करू शकते. अडचण जळण्याची. बॉयलरचा हेतू वाफ करण्याचा असतो, चांगली राख करण्याचा नाही. त्यामुळे त्यात अर्धवट जळालेले काळे तुकडे राहतात. हा कार्बन पाणी पितो, आणि पाणी वाढलं की ताकद घसरते. शिवाय उष्णता फार वाढली की सिलिका स्फटिक होऊन बसते आणि चुन्याशी जुळायला तयार होत नाही. बांधकामाच्या फ्लाय ॲशला जळून जाणारा भाग ५ टक्क्यांच्या आत असावा अशी अट आहे. चिपाडाच्या राखेचं बरंचसं गणित याच अटीवर अडतं.

माझीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यावरून ट्रॅक्टरभर राख आणली आणि मोठ्या उत्साहाने क्यूब भरायला घेतले. राख पाण्यात टाकली तर वर काळं चिपाड तरंगायला लागलं, आणि मिक्स इतकं कोरडं पडलं की पोरांनी माझ्या डोळ्यांदेखत दोन डबे जास्तीचं पाणी ओतलं. क्यूब कसे आले ते विचारू नका. नंतर तीच राख बारीक चाळणीतून काढून, पुन्हा दळून, सिमेंटच्या दहाव्या हिश्शाइतकीच घातली तेव्हा काम जमलं. पण चाळणं, दळणं, चाचणी, वाहतूक एवढं केल्यावर ती राख फुकट कुठे राहिली?

ज्या गावात मोठं काम आहे, जवळ दळण्याची सोय आहे आणि एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब सोबत आहे, तिथे हा प्रयोग जरूर करा. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं, मुख्यालयच बेळगावात आहे आणि दरवर्षी विद्यार्थी या राखेवर प्रोजेक्ट करतात, तेव्हा चाचणीला माणसं मिळतील. शंभर मीटरच्या गल्लीसाठी मात्र नको. तिथे ही राख विटा-ब्लॉकच्या कारखान्याला द्या.

आणि एक इशारा. साखरेचा अंश सिमेंटचा वैरी आहे. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखरसुद्धा काँक्रीटला तासन्‌तास सेट होऊ देत नाही. मळीची वाहतूक केलेला टँकर पाण्यासाठी आणला, किंवा साखर-मळी भरलेला ट्रेलर न धुता त्यात वाळू भरली, तर सकाळी घातलेला स्लॅब संध्याकाळी थापीला चिकटत राहतो.

भाताच्या तुसाची राख?

खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या बासमतीच्या पट्ट्यात राइस मिलं आहेत, त्यामुळे हेही विचारलं जातं. तुसाच्या राखेत सिलिका चिपाडापेक्षाही जास्त, चांगली जाळली तर ८५ टक्क्यांच्या पुढे. पण "चांगली जाळली तर" यावरच सगळं आहे. साधारण ७०० अंशांच्या आत, नियंत्रित जाळली तर राख करडी-पांढरट होते आणि सिमेंटशी जुळते. ढीग पेटवून केलेली काळी राख भांडी घासायला ठीक. शिवाय तिचे कण सच्छिद्र असल्यामुळे पाणी खूप लागतं, म्हणजे प्लास्टिसायझर, पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन, आलाच.

उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्रीतली काळी वाळू कुणी न्यायला तयार नसतं. ती रस्त्यात घालता येईल?

बेळगावचं फाउंड्रीचं काम मोठं आहे, तिकडे कोल्हापूरचंही. साच्याची वाळू पुन्हा पुन्हा वापरून शेवटी थकते आणि टाकली जाते. ही वाळू दोन जातीची असते हे आधी कळलं पाहिजे. एक 'ग्रीन सँड' : सिलिका वाळू, बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी. रंग काळा, नाव ग्रीन, कारण ती ओलसर वापरतात. दुसरी रेझिनने बांधलेली वाळू.

ग्रीन सँडमध्ये बेंटोनाइट असल्यामुळे ती पाणी ओढते आणि कण फार बारीक असतात. नेहमीच्या वाळूचा दहा ते वीस टक्के हिस्सा बदलला तर चाललेली उदाहरणं आहेत. पुढे गेलात की काँक्रीट चिवट होतं आणि मग मजूर पाणी ओतणार. रेझिनच्या वाळूत रसायनं असतात, ती पावसात झिरपतात का हे लॅबमध्ये तपासल्याशिवाय हात लावू नये. विशेषतः विहिरीजवळच्या रस्त्याला. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या मानकात फाउंड्री वाळूचं नाव नाही, त्यामुळे सरकारी कामात ती वापरायची तर मंजूर मिक्स डिझाइन आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची लेखी परवानगी दोन्ही हवीत. तोंडी "चालतंय हो" चालत नाही.

पेव्हर ब्लॉकसाठी ही वाळू मला जास्त पटते. कारखान्यात माप नीट राहतं, ब्लॉक बिघडला तर बाजूला टाकता येतो. रस्ता बाजूला टाकता येत नाही.

आणि ॲल्युमिनाच्या कारखान्यातला लाल चिखल?

बेळगावात हिंडाल्कोचा ॲल्युमिना कारखाना आहे. बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढल्यावर उरतो तो लाल चिखल. तो कमालीचा क्षारयुक्त असतो. सिमेंट कारखाने लोखंडाच्या अंशासाठी तो घेतात, कारण तिथे तो भट्टीत जातो. गावच्या मिक्सरजवळ आणू नका.

जुनं घर पाडलं, त्याचा राडारोडा रस्त्यात जिरवता येईल का?

राडारोड्यात काय काय आहे त्यावर अवलंबून. पाडलेल्या काँक्रीटचे तुकडे वेगळे काढून क्रशरमधून काढले तर त्याची खडी होते, आणि २०१६ सालच्या आयएस ३८३ ने तिला रीतसर मान्यता दिली आहे : साध्या, म्हणजे सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के आणि तेही एम२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच, एम१५ च्या खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये शंभर टक्के. गल्लीचा रस्ता सहसा बिनसळईचा, म्हणून २५ टक्क्यांचा आकडा लागू.

विटा, कौलं, टाइल असा सरमिसळ माल मात्र मानकानुसार लीन काँक्रीटपुरताच. खानापूरकडे कौलांचे आणि विटांचे जुने कारखाने, फुटक्या मालाचे ढीग असतात. तो माल खालच्या थरात, भरावात घाला, वरच्या स्लॅबमध्ये नको. जांभा तर भरावालाच.

जुन्या काँक्रीटच्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, म्हणून ती पाणी पिते. आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवायची आणि सकाळी ओलसर पण वरून कोरडी अशी वापरायची. एवढं केलं नाही तर मिक्स मिक्सरमधून चांगलं निघतं आणि पाटीतून पडेपर्यंत सुकतं.

क्रशरची कच?

कच ही टाकाऊ म्हणायची की नाही हाच प्रश्न, कारण आता एम-सँडच्या नावाने तीच धुऊन, आकार देऊन विकली जाते. न धुतलेल्या कचीत पिठासारखी भुकटी फार. मूठभर कच काचेच्या ग्लासात पाणी घालून ढवळा आणि अर्धा तास ठेवा. वर भुकटीचा जाड थर बसला तर ती कच वाळू म्हणून नको.

प्लास्टिक घातलेला रस्ता खड्डेमुक्त असतो म्हणे?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. प्लास्टिकचे जे रस्ते गाजले ते डांबराचे. मदुराईच्या त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी गरम खडीवर प्लास्टिकच्या चुऱ्याचा लेप देऊन वर डांबर घालण्याची पद्धत आणली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, आणि इंडियन रोड्स काँग्रेसने (आयआरसी) एसपी ९८ ही मार्गदर्शिका २०१३ साली काढली. तिथे प्लास्टिक वितळतं आणि खडीला चिकटतं.

सिमेंट काँक्रीट थंड असतं. त्यात पिशव्यांचे तुकडे घातले तर ते वितळत नाहीत, चिकटत नाहीत, निव्वळ पोकळी करतात. बाटल्यांच्या कापलेल्या पट्ट्या थोडा तडा धरतात, पण पेट प्लास्टिक सिमेंटच्या क्षारात हळूहळू झिजतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला ठीक, गावच्या रस्त्याला नाही.

मग फायबर म्हणजे काय? ते काय करतं?

घराची मातीची भिंत घालताना चिखलात भाताचं काड, तूस, शेण का कालवत? माती वाळताना तडकते. काड त्या तड्याच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवतं. काँक्रीटमधलं फायबर हेच करतं.

काँक्रीट दाबाला बळकट, ताणाला कच्चं. रस्त्याचा स्लॅब चाकाखाली वाकतो आणि खालच्या अंगाला ताण येतो. शिवाय दुपारी वरून तापतो, रात्री वरून निवतो, कडा उचलल्या जातात. या ताणाने पहिला बारीक तडा जातो. साध्या काँक्रीटमध्ये तो तडा एकदम आरपार. फायबर असेल तर तडा पडतो, पण हजारो तंतू त्याला टाके घातल्यासारखे धरतात. रुंदावू देत नाहीत, खडी निसटू देत नाहीत.

लक्षात ठेवायचं ते एवढं : फायबरने क्यूबची ताकद फारशी वाढत नाही. क्यूब दाबून "फायबरने काय फरक पडला?" असं विचारणं म्हणजे छत्री उन्हात उघडून पावसाची परीक्षा घेणं. फरक वाकवण्याच्या चाचणीत दिसतो, बीम तुटल्यावर दोन तुकडे वेगळे होतात की लोंबकळत राहतात त्यात.

फायबर घातलं तर सळई वाचते का? जाडी कमी करता येते का?

गल्लीच्या रस्त्याच्या स्लॅबमध्ये मुळात सळई नसतेच. सांध्यांजवळ काही ठिकाणी डॉवेल, म्हणजे दोन तुकडे जोडणारे गज, असतात. तडे अडवायला टाकलेल्या हलक्या जाळीऐवजी पोलादी किंवा जाड प्लास्टिकचं फायबर चालू शकतं. पूल, स्लॅब ड्रेन, गटाराचं झाकण यांची सळई मात्र फायबरने भागत नाही.

जाडीबद्दल सावध राहा. कमी रहदारीच्या रस्त्यांसाठीच्या आयआरसी एसपी ६२ मध्ये दिवसाला ५० पेक्षा कमी जड वाहनांच्या रस्त्यालाही १५० मिलिमीटर जाडी धरली आहे. डिझाइन करणाऱ्याने एसपी ४६ या फायबर काँक्रीटच्या मार्गदर्शिकेप्रमाणे गणित करून जाडी ठरवली असेल तर ठीक. मुकादमाने "फायबर आहे, चार इंच बास" म्हटलं तर काम थांबवा.

पोलादी फायबर की प्लास्टिकचं?

दोघांचं काम वेगळं. केसासारखं बारीक पॉलिप्रॉपिलीन फायबर, साधारण १२ मिलिमीटर लांब, पहिल्या काही तासांतले तडे अडवतं. मार्च-एप्रिलमध्ये दुपारच्या वाऱ्यात स्लॅबवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे येतात ते हेच. रस्ता कडक झाल्यावर त्याचा फारसा उपयोग नसतो. पोलादी फायबर, सहसा ३० ते ६० मिलिमीटर लांब, टोकं वाकवलेली, भार पडल्यावरचे तडे धरतं. जाड प्लास्टिकचं म्हणजे मॅक्रो फायबर बऱ्याच अंशी पोलादीचं काम करतं आणि गंजत नाही.

माझं मत विचाराल तर गावातल्या रस्त्याला मॅक्रो प्लास्टिक. पोलादी तंतू वर डोकावतात, जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात त्यांना गंज चढतो आणि रस्त्यावर तांबडे ठिपके दिसतात. ताकदीला त्याने धोका नाही. पण आपल्याकडे सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायाक्काला माणसं अनवाणी जातात, गाड्यांना बैल जुंपलेले असतात. वर आलेली तार तळव्यात किंवा खुरात रुतली तर रस्ता किती वर्षं टिकला याचं कौतुक कुणी करणार नाही. पोलादी घालायचंच तर वरचा थर थापीने नीट दाबून तंतू खाली बसवा. कारखान्याच्या यार्डात, वजनकाट्याच्या रस्त्याला पोलादी खुशाल वापरा.

जुन्या टायरमधून काढलेली तार सध्या बाजारात फायबर म्हणून येते. तिला रबर चिकटलेलं नाही आणि लांबी सारखी आहे, एवढं बघा.

घायपात, काथ्या, ताग यांचे तंतू चालत नाहीत का? स्वस्त आहेत, बांधावर उगवतात.

सुरुवातीचे तडे ते अडवतात. पण सिमेंटच्या क्षारात वनस्पतीचा तंतू कालांतराने ठिसूळ होतो आणि ओला-सुका होताना फुगतो-आकसतो. वर्षभराने आत धागा असतो, पण त्यात दम नसतो. साधी काच-फायबरही क्षारात टिकत नाही. झिर्कोनियावाली क्षाररोधक काच वेगळी आणि महाग.

शंभर मीटर गल्लीला किती माल लागेल, हिशेब सांगा.

लांबी १००, रुंदी ३ मीटर, जाडी ०.१५ मीटर. गुणाकार ४५ घनमीटर. घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरलं तर ७ पोती, एकूण ३१५. ओपीसी आणि फ्लाय ॲश वापरून पाचवा हिस्सा बदलला तर ६३ पोती सिमेंट वाचतं.

बारीक प्लास्टिक फायबर पोत्याला १२५ ग्रॅमची पुडी असं मिळतं. ७ पोत्यांना ८७५ ग्रॅम, म्हणजे घनमीटरला साधारण ०.९ किलो, आणि संपूर्ण गल्लीला जवळपास ४० किलो. पोलादी फायबर घनमीटरला २५ किलो धरलं तर ११२५ किलो, सव्वा टनाच्या जरा खाली. हे आकडे बिलाशी ताडून बघा. सव्वा टनाचं बिल आणि साइटवर चार गोण्या, असं दिसलं तर तुम्हाला काय विचारायचं ते कळेल.

फायबरचे गोळे का होतात?

घाईने ओततात म्हणून. लांब पोलादी तंतू एकदम ओतले की झाडूच्या काड्यांसारखे एकमेकांत अडकतात आणि 'साळिंदर' तयार होतं. आधी खडी-वाळू फिरवा, मग तंतू पसरून, थोडे थोडे, मग सिमेंट आणि पाणी. फायबर घातल्यावर काँक्रीट जाड वाटतं. तेव्हा पाण्याला हात न लावता प्लास्टिसायझर वापरा. पाण्याची बादली वाढवून केलेला लुसलुशीतपणा फायबरचा सगळा फायदा धुऊन नेतो.

अथणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत रस्ता फुगून फुटतो. फायबर घातलं तर थांबेल?

नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा स्लॅब तिच्याबरोबर उचलला जातो. फायबर तडा बारीक ठेवेल, पण जमीन हलायची थांबवणार नाही. त्यासाठी काळी माती काढून किंवा तिच्यावर न फुगणाऱ्या मुरमाचा दाबलेला थर, गरज असेल तर मातीत चुना मिसळून स्थिर करणं, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंना वाहणारी गटारं. न्हाणीचं पाणी रस्त्याच्या कडेला मुरत असेल तर कोणतंही काँक्रीट टिकणार नाही. टाकाऊ मालाचा खरा उपयोग मला इथेच दिसतो : राडारोड्याची खडी, फुटकी कौलं, कच हे सगळं खालच्या थरात घालायला उत्तम, आणि खर्चही वाचतो.

उसाच्या ट्रॉल्या आणि केजव्हील यांचं काय?

गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून ट्रॅक्टर जातात. केंद्र सरकारने २०१८ साली चार चाकी एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली, पण ट्रॉलीचं वजन कोण करतो? अशा रस्त्याला "दिवसाला ५० पेक्षा कमी जड वाहनं" हे गृहीतक सरळ खोटं ठरतं. कारखान्याच्या वाटेवरच्या रस्त्याला जाडी वाढवून घ्या, फायबर त्यानंतर.

केजव्हील हे खानापूरकडचं दुखणं. चिखलणी झाली की लोखंडी चाकं तशीच रस्त्यावरून घरी. पोलादी फायबरने झीज थोडी कमी होईल. चाकं उतरवून ठेवली तर ती होणारच नाही.

सांधे कापायचे का? फायबर आहे ना.

कापायचेच. एसपी ६२ प्रमाणे साधारण अडीच ते चार मीटरवर, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतके खोल. १५० मिलिमीटरच्या स्लॅबला साधारण ४० ते ५० मिलिमीटर. कड उडणार नाही इतपत काँक्रीट घट्ट झालं की लगेच, मग ती रात्र असली तरी. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर कटर आणला तर तोवर स्लॅबने स्वतःच्या मनाने सांधा पाडलेला असतो, नागमोडी.

पाणी मारणं : किमान १४ दिवस. गोणपाट पसरून ओलं ठेवा किंवा मातीचे बांध घालून पाणी साठवा.

एस्टिमेट कन्नडमध्ये असतं. काय बघायचं?

आपल्याकडच्या बऱ्याच जणांना बोलता येतं, वाचताना अडतं. काही शब्द ध्यानात ठेवा : जल्ली म्हणजे खडी, मरळु म्हणजे वाळू, हारुबूदी म्हणजे फ्लाय ॲश, नारु म्हणजे तंतू, उद्द, अगल, दप्प म्हणजे लांबी, रुंदी, जाडी. दप्पच्या पुढचा आकडा आधी वाचा. पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, एस्टिमेटची प्रत मागा. नाही दिली तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. त्यात 'फायबर' असेल तर प्रकार, लांबी आणि घनमीटरला किती किलो हे तिन्ही लिहिलेलं असायला हवं. नुसतं "फायबरयुक्त" लिहिणं म्हणजे "तूपयुक्त" शिऱ्यासारखं.

जलवाहिनीसाठी नवा रस्ता फोडला. तुकडा कसा भरायचा?

कटरने चौकोनी कापा, कडा उभ्या आणि स्वच्छ हव्यात. खालची माती थर थर दाबून भरा. बहुतेक पॅच वरून नव्हे, खालून खचतात. इथे फायबर खरोखर उपयोगी, कारण छोट्या तुकड्याला आकसून कडेला तडा जायची सवय असते.

फायबर खरंच घातलंय हे कसं ओळखायचं?

मिक्सरमधून पडणाऱ्या ताज्या मालाची १० लिटरची बादली भरून घ्या, ठोकून सपाट करा. ती घमेल्यात ओतून भरपूर पाण्याने धुवा. पोलादी फायबर असेल तर लोहचुंबक फिरवा. स्पीकरमधलं जुनं चुंबक छान चालतं. निघालेले तंतू वाळवून किराणा दुकानाच्या काट्यावर टाका. घनमीटरला २५ किलो ठरलं असेल तर दहा लिटरमध्ये २५० ग्रॅम निघायला हवेत. बारीक प्लास्टिक फायबर पाण्यावर तरंगून येतं, ते चाळणीने गाळा. ते जेमतेम ९ ग्रॅम भरेल, म्हणून सोनाराचा काटा लागेल. एकाच बादलीवर निकाल देऊ नका, सकाळी, दुपारी, संध्याकाळी अशा तीन तरी घ्या. क्यूबही विसरू नका : ४५ घनमीटरच्या कामाला आयएस ४५६ प्रमाणे चार नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. ते कुणाच्या अंगणात पाण्यात ठेवायचे हे काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच ठरवून घ्या.